थावरूदादांची बारा नावं

थावरूदादांची स्कूटर दारासमोर थांबली, की त्या घरातल्या खेळाडूला कळायचं, आपलं नाव कटलं. संघातून कोणाला काढायचं असेल तर ते फोन करत नसत, कोणाकरवी निरोपही पाठवत नसत. स्वतः त्याच्या घरी जात, ओट्यावर बसत, पीकपाण्याची चौकशी करत आणि घरचं पाणी प्यायल्यावरच विषयाला हात घालत. "ज्याले काढाचं त्याच्या घरचं पाणी पेल्याबिगर काढाचं नाई," असं ते म्हणत. ही रीत त्यांना कोणी शिकवली होती, कोण जाणे. त्यांच्या बंजारा तांड्याची म्हणावी, तर तांड्यातली माणसंही त्यावर हसत.

थावरू आडे हे त्यांचं पूर्ण नाव. उमरखेडपासून पाच-सहा किलोमीटरवरच्या तांड्यात घर, चार एकर सोयाबीन-तूर, आणि नोकरी एसटीच्या आगारात. ड्रायव्हर-कंडक्टरांना कोणी कोणत्या गाडीवर जायचं, हे ठरवून देण्याचं काम त्यांनी वर्षानुवर्षं केलं. कोणाच्या घरी बारसं, कोणाची कंबर धरलेली, कोणाला नांदेडची फेरी नको, तर कोणाला नांदेडचीच हवी. हे सगळं ऐकून घेऊन रोज सकाळी गाड्या वेळेवर सोडायच्या. या कामात माणूस एक तर निगरगट्ट होतो, नाही तर थकतो. दादा थकले होते. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांना निवृत्त होऊन वर्षही झालं नव्हतं, पण खुर्चीत बसताना ते असे बसत, जणू आता पुन्हा उठायचा विचार नाही.

जिल्ह्याची कबड्डी लीग सुरू झाली तेव्हा आमच्या संघाला व्यवस्थापक मिळेना. पैसेवाले मालक व्हायला तयार होते, जुने खेळाडू प्रशिक्षक व्हायला तयार होते. खेळाडूंची यादी करायला मात्र कोणी तयार नव्हतं, कारण यादी करणारा सगळ्यांच्या शिव्या खातो. शेवटी कोणीतरी म्हणालं, आगारात आयुष्यभर शिव्या खाल्लेला माणूस मोकळा आहे, त्याला विचारा. विचारलं. दादांनी पहिलाच प्रश्न केला, "सुट्ट्या मांगतेत का हे पोरं?" नाही म्हटल्यावर ते लगेच तयार झाले.

संघाचं नाव मालकांनी 'पांढरं सोनं वॉरियर्स' असं ठेवलं होतं. दादांनी ते नाव कधीच उच्चारलं नाही. 'आपला संघ' म्हणत. त्या संघाचा मी कप्तान. जिनिंगमध्ये कापसाच्या गाड्यांचं वजन करायची माझी नोकरी आणि मैदानात डावा कोपरा सांभाळायचा. कोपऱ्यात उभं राहायचं, चढाई करणारा आत आला की त्याचा घोटा धरायचा आणि सोडायचा नाही, एवढंच माझं काम. मला दुसरं काही यायचंही नाही.

आता लिमिटची गोष्ट. पहिल्या वर्षी वणीच्या संघानं कोळशाच्या ट्रकांवर कमावलेला पैसा ओतला आणि जिल्ह्यातले चांगले खेळाडू उचलून नेले. बाकीचे संघ नुसते हजेरीला उरले. तेव्हा आयोजकांनी नियम केला, की बारा खेळाडू आणि व्यवस्थापक यांच्या मानधनाची बेरीज एका ठरावीक रकमेपुढे जाता कामा नये. अर्धं मानधन हंगामाच्या सुरुवातीला, अर्धं अंतिम सामन्याच्या आधी. मध्येच कोणाला कमी केलं तर त्याचं उरलेलं अर्धं त्या बेरजेतून वजा. ऐकायला सोपं वाटतं. पण एक चांगला चढाईपटू घेतला की दोन पकडीवाले सोडावे लागतात, ते घेतले की राखीव कोणी उरत नाही. दादा शाळकरी वहीच्या पानावर पेन्सिलीनं बारा नावं लिहीत, खोडत, परत लिहीत. कागद भोकं पडेपर्यंत. "सगळेच पाह्यजे, अन् चादर तेवढीच," म्हणायचे आणि डोळे चोळायचे.

मी एकदा त्यांना म्हटलं, की दादा, इतका जीव कशाला जाळता, खेळच आहे. त्यांनी पेन्सिल वहीवर ठेवली. मग म्हणाले, "दिनू, दिवाळीच्या दिवशी कोणाले तरी गाडी न्याच लागते. मी तीस वर्सं त्या ड्रायव्हरच्या लेकरायचे तोंडं पाह्यले आहे. खेळ असो का एसटी, यादीतून नाव कटलं का घरी कोणीतरी जेवत नाई." त्यांच्या तोंडून इतकं लांबलचक वाक्य मी क्वचितच ऐकलं. एरवी ते 'बरं', 'पाहू' आणि 'थकलो बापा' या तीन शब्दप्रयोगांवर दिवस काढत.

पाण्याची रीत एकदाच फसली. राजू नावाचा आमचा एक कव्हरवाला होता, म्हणजे कोपऱ्याच्या आतल्या बाजूला उभा राहून पकडीला साथ देणारा. मेहनती, पण त्याच्या जागेवर त्याच्याहून चांगला मुलगा मिळाला होता. दादा त्याच्या घरी गेले. राजूच्या आईनं स्कूटर ओळखली. ती दारात निवांत शेंगा फोडत बसली आणि तिनं पाणी दिलंच नाही. बंजारा बोलीत आईला याडी म्हणतात. दादा झाडून सगळ्या खेळाडूंच्या आयांना याडीच म्हणत. त्यांनी तासाभरानं सांगून पाहिलं, की याडी, तहान लागली. ती म्हणाली, "चौकात हापशी हाय, भाऊ." दादा अजून तासभर बसले, मग उठले आणि परत आले. राजू संघात राहिला. त्याच्यासाठी लिमिटमध्ये जागा करायची म्हणून दादांनी यादीच्या तळाशी असलेलं व्यवस्थापकाचं मानधन, म्हणजे स्वतःचं, खोडून टाकलं. आम्हाला हे फार दिवसांनी कळलं. हसावं की काय करावं, कळेना. पण त्यामुळे पुढे खरी वेळ आली तेव्हा कमी करायला त्यांच्याजवळ स्वतःचं काही उरलं नव्हतं.

ती वेळ आली माझ्या नवव्या हंगामात. मी पस्तिशीला टेकलो होतो. सकाळी पलंगावरून उतरताना गुडघे कुरकुरायचे. हा शेवटचा हंगाम, हे मी ठरवलं होतं आणि सगळ्यांना सांगितलंही होतं. आठ वर्षांत आम्ही एकदाही अंतिम फेरीत गेलो नव्हतो. या वर्षी मात्र जमून आलं, कारण दादांनी मुकुटबनहून सोमेश्वर टेकामला आणलं होतं. काटकुळा, अबोल, पण चढाईला गेला की समोरच्यांना काही सुचू द्यायचा नाही. उजव्या कोपऱ्यात गणेश होता, माझ्याइतक्याच मानधनाचा. त्याला आधीच्या वर्षी दुसऱ्या एका संघानं हंगामाच्या मध्यात काढलं होतं. त्यानंतर तो दोन महिने घराबाहेर पडला नव्हता, असं लोक सांगत. दादांनी त्याला आमच्यात आणला तेव्हा बऱ्याच जणांनी नाकं मुरडली होती. त्याचा खेळही डळमळीतच होता, दर सामन्यात एखादी सोपी पकड त्याच्या हातून निसटायची.

आमच्याकडे गावोगावच्या सामन्यांत एक जुनी पद्धत आहे. एखाद्यानं झकास चढाई केली की प्रेक्षकांतला कोणीतरी उठून माइकवरून बक्षीस जाहीर करतो. कोणी पन्नास देतो, कोणी पाचशे. देणाऱ्याचं नाव गावभर होतं आणि खेळाडूलाही बरं वाटतं. लिमिट आल्यावर काही संघांनी यातून वाट काढली. मानधन कमी दाखवायचं आणि उरलेलं आपल्याच माणसाकरवी बक्षीस म्हणून द्यायचं. मग आयोजकांनी नियम वाढवला, की संघाच्या गावच्या माणसानं दिलेलं मोठं बक्षीस त्या संघाच्या लिमिटमध्ये धरलं जाईल. दादांनी हे उमरखेडच्या प्रत्येक शौकिनाला घरी जाऊन समजावलं होतं. सामन्याच्या वेळी ते खेळाडूंकडे कमी आणि माइककडे जास्त पाहत.

उपांत्य सामन्यात सोमेश्वरनं एकाच चढाईत चौघांना बाद केलं. मैदान उठून उभं राहिलं. आणि आमच्या गावच्या किसनशेठनं, ज्यांचं खताबियाण्याचं दुकान आहे, माइक हातात घेतला. दादा दुसऱ्या टोकाला होते. ते मॅटच्या कडेनं, दुखऱ्या पायानं, हात हलवत पळाले. मी त्यांना पळताना तेवढंच पाहिलं. ते पोचायच्या आत किसनशेठनं एकवीस हजार जाहीर केले होते आणि लोक टाळ्या वाजवत होते. सामना आम्ही जिंकलो आणि त्याच क्षणी लिमिटच्या बाहेर गेलो.

पुढचे दोन दिवस दादांनी काय काय केलं, ते सगळं सांगत बसलो तर पुरणार नाही. किसनशेठना बक्षीस परत घ्यायला सांगितलं. ते म्हणाले, चारचौघांत दिलेला शब्द गिळला तर दुकानात तोंड कसं दाखवू? मग दादांनी युक्ती काढली. शेठजींची सासुरवाडी वणीची. तेव्हा हे बक्षीस वणीच्या सासऱ्यांकडून आलं, असं लिहून द्यावं. शेठजी भडकले. सासऱ्यानं आपल्याला लग्नात घड्याळसुद्धा धड दिलं नाही, त्याच्या नावानं आपण पुण्य करायचं का, असा त्यांचा सवाल होता. सोमेश्वर बक्षीस नाकारायला तयार झाला, तर आयोजक म्हणाले, माइकवर जाहीर झालं ते झालं. अंतिम सामन्याच्या आदल्या दिवसापर्यंत यादी लिमिटमध्ये बसवून द्या, नाही तर संघ बाद.

राखीव पोरांची मानधनं इतकी कमी होती, की चौघांना काढावं लागलं असतं, आणि मग दोघं जायबंदी झाले तर सात जणही उभे राहिले नसते. सोमेश्वरला काढून अंतिम सामना खेळण्यात अर्थ नव्हता. जिनिंगमध्ये काट्यावर बसून मी मनात हा हिशोब केला होता. एकट्याच्या मानधनात ही तूट भरून निघेल अशी दोनच नावं उरत होती, गणेशचं आणि माझं. मी निर्धास्त होतो, हे कबूल करतो. मी कप्तान होतो, नऊ वर्षांचा होतो, आणि गणेशपेक्षा बरा खेळत होतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी स्कूटर माझ्या दारासमोर थांबली.

माझ्या बायकोनं, सुनंदानं, खिडकीतून पाहिलं आणि माझ्याकडे न बघता आत निघून गेली. दादा ओट्यावर बसले. तुरीला शेंगा कशा आहेत ते त्यांनी विचारलं. मला तूर नाही, शेतीच नाही, हे त्यांना चांगलं माहीत होतं. मी काहीतरी उत्तर दिलं. गणेशचं नाव माझ्या ओठांवर आलं होतं. ते मी तीनदा गिळलं. सुनंदा पाणी घेऊन बाहेर येईना. मी आत गेलो तर ती मोरीजवळ पाठमोरी उभी होती. म्हणाली, "देऊ नका. राजूच्या आईनं नाई देलं, तं राह्यला ना राजू." मी तिच्या बाजूनं हात घालून तांब्या भरला आणि बाहेर आणला. असं का केलं, याचं मोठं कारण माझ्याजवळ नाही. तो म्हातारा माणूस उन्हातून आला होता आणि त्याचे ओठ सुकले होते.

त्यांनी पाणी प्यायलं, गमछ्यानं तोंड पुसलं आणि म्हणाले, "दिनू, तुले थांबा लागते."

मी विचारलं, "मलेच काहून, दादा?"

"मले सांगता नाई येत," ते म्हणाले. बस. एवढंच. मग तांब्या ओट्यावर ठेवून उठले. जाताना स्कूटर सुरू होईना, तेव्हा मीच किक मारून दिली.

अंतिम सामना वणीला झाला. मी गेलो. जायला नको होतं, पण नऊ वर्षांची सवय अशी जात नाही. प्रेक्षकांत बसून आपला संघ पाहणं म्हणजे काय, ते ज्यानं केलं त्यालाच कळेल. दोन-तीन चढायांत तर बसल्या जागी माझे हात पुढे झाले आणि शेजारच्या माणसानं मला हटकलं. शेवटच्या चढाईला आम्ही एका गुणानं पुढे होतो. वणीचा चढाईपटू उजव्या कोपऱ्यात शिरला आणि गणेशनं त्याचा घोटा असा धरला, की मीही इतका चांगला कधी धरला नसेल. मैदानात सगळे त्याच्या अंगावर पडले. चषकासोबतचा फोटो आजही मालकांच्या दुकानात लावलेला आहे. त्यात अकरा खेळाडू आहेत. दादा फोटोत नाहीत. ते तेव्हा कुठे होते, ते कोणालाच आठवत नाही. त्या वर्षी आम्ही जिंकलो म्हणायचं की फोटोतले ते अकरा जण जिंकले म्हणायचं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

किसनशेठ दुसऱ्या दिवशी जिनिंगवर भेटले आणि अगदी मनापासून विचारू लागले, "काहून नाई खेळला बा तू? पाय दुखते का?" आपल्या बक्षिसापायी माझं नाव कटलं, हे त्यांना खरंच माहीत नव्हतं. मी हो म्हटलं. पुढच्या वर्षी आयोजकांनी बक्षिसांचा तो नियमच काढून टाकला. कटकट फार होते, म्हणाले.

दादांनी त्या हंगामानंतर काम सोडलं. मालक समजूत घालायला तांड्यावर गेले, तर त्यांनी 'थकलो बापा' एवढंच सांगून चहा पाजून परत पाठवलं. माझ्याकडे ते येत राहिले. महिन्या-दोन महिन्यांनी, काही काम नसताना. ओट्यावर बसत, पाणी पीत, आणि काही न सांगता जात. मीही त्यांच्याकडे जात होतो. आमच्यात काही बिघडलं नाही, असं दोघंही वागत होतो. खरं सांगायचं तर पहिलं वर्षभर त्यांना पाहिलं, की मी काहीतरी काम काढून आत जायचो. एकदा तर स्कूटरचा आवाज ऐकून मी मागच्या दारानं निघून गेलो आणि सुनंदाला घरी नाही म्हणून सांगायला लावलं. हे आजवर कोणाला सांगितलं नाही.

यंदा उन्हाळ्यात त्यांच्या छातीत पाणी झालं. नांदेडला नेलं, आणलं, परत नेलं. शेवटी दवाखान्यानं घरी सोडलं तेव्हा मी दुपारी तांड्यावर गेलो. लिंबाखाली बाज टाकली होती. सूनबाई उशाशी बसून वारा घालत होती. मी आल्यावर ती उठून आत गेली. दादा फार वाळले होते, आणि मनगटं एखाद्या मुलाच्या मनगटांसारखी दिसत होती. मग आपणहून बोलायला लागले, धापा टाकत, थांबत थांबत.

"तू ईचारलं होतं, मलेच काहून," ते म्हणाले. "गणेशले काढता आलं असतं. खेळ पाहून तं त्यालेच काढाले पाह्यजे होतं. पण तो पोरगा मोडला असता, दिनू. दुसऱ्या खेपेले उठलाच नसता. तू मोडणारा नोहोस. तुले काढलं तरी तू माह्या घरी येशील, हे मले ठावं होतं. म्हून तुले काढलं."

बोलायला होतं खूप. जो सोसतो त्याच्याच डोक्यावर सगळं टाकायचं, हा कुठला न्याय, हे विचारायचं होतं. ज्याला कोणी मोडणारा समजत नाही, त्याच्याकडे कोणी बघतच नाही, हेही सांगायचं होतं. लिंबाच्या काड्या त्यांच्या चादरीवर पडत होत्या, त्या मी वेचत राहिलो.

"राग आलता का?" त्यांनी विचारलं.

"नाई, दादा," मी म्हटलं.

त्यांनी मान वळवून माझ्याकडे नीट पाहिलं. आगारात सुट्टीचं कारण सांगायला आलेल्या माणसाकडे ते असंच पाहत असतील. मग त्यांनी माझा हात धरला, त्यांच्या हातात जोर नव्हता.

"लबाड बोलून राह्यला तू," ते म्हणाले. "पण बरं वाटलं."

चार दिवसांनी ते गेले. तांड्यावर माणसं मावत नव्हती, त्यांत त्यांनी वेगवेगळ्या वर्षी काढलेले खेळाडूच जास्त होते. गणेश माझ्या शेजारी उभा राहून हमसून हमसून रडला. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याला काहीही सांगितलं नाही.